दोन वाजताचं औषध

या, असे पुढं सरका. मागं भिंतीला टेकून बसलेल्यांनीही या, सतरंजीवर जागा आहे. ही गोष्ट आवाज चढवून सांगायची नाही, त्यामुळं जवळ बसलात तरच नीट ऐकू येईल. कीर्तन रंगात आलं की महाराज एखाद्या भक्ताचं चरित्र लावतात. त्यात भक्ताचा छळ होतो, छळ अगदी टोकाला जातो, आणि मग देव धावत येतो. आपण डोळे पुसतो, गजर करतो, प्रसाद घेऊन घरी जातो. आजची गोष्ट ते चरित्र शब्दाशब्दानं खरं मानून बसलेल्या एका माणसाची आहे. सुरू केली की पुरी सांगेन, हा शब्द. तुम्ही मात्र मधेच उठू नका.

मुकुंदवाडी स्टेशनाच्या अलीकडच्या गल्लीत सुदर्शनचं घर आहे. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर, वर पत्रे. सुदर्शन चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. बायको तनुजा घरी शिवणकाम करते. आणि त्यांची एकुलती एक पोर श्रेया, नऊ वर्षांची. सुदर्शनचे वडील नानासाहेब फुलंब्रीजवळच्या गावी राहायचे. नातीच्या मांडीच्या हाडात गाठ निघाली तेव्हा त्यांनी शेत भावकीत वाट्यानं दिलं, आणि दोन धोतरजोड्या नि मृदंग घेऊन ते शहरात आले.

नानासाहेब म्हणजे मृदंगाचा हात. पंचक्रोशीत कुठंही सप्ताह असो, मृदंगाला नानासाहेब असतील तर महाराज निर्धास्त असायचे. गाणाऱ्यानं कितीही लांब तान घेतली, तरी तो समेवर येईपर्यंत हे थांबून राहायचे, आणि तो आला की एकदाच मान हलवायचे. ती मान मिळावी म्हणून गाणारे जीव टाकायचे. गळ्यात माळ अठराव्या वर्षापासून. मांस नाही, दारू नाही, तंबाखूची चिमूट नाही. दाढ काढताना सुन्न करायची सुईसुद्धा त्यांनी नको म्हणून सांगितली होती, आणि ती हकिकत गावात कौतुकानं सांगितली जायची.

श्रेया त्यांच्या मांडीवर मृदंगाचे बोल शिकली. सात वर्षांची असताना गावच्या सप्ताहात तिनं हट्टानं माळ घालून घेतली. महाराजांनी भर मांडवात विचारलं, पाळशील का गं पोरी? तिनं माईकच्या जवळ जाऊन सांगितलं, पाळीन. मांडव हसला होता. नानासाहेबांचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर सहा महिन्यांत गाठ निघाली. मग मोठा दवाखाना, सलाइन, केस गेले, मांडीचं ऑपरेशन झालं, आणि दीड वर्षानं कळलं की गाठ फुफ्फुसात पोचली आहे. डॉक्टरांनी सुदर्शनला बाजूला बसवून समजावलं की आता बरं करायचं औषध उरलेलं नाही. पण दुखू द्यायचं नाही, दम लागू द्यायचा नाही, एवढं हातात आहे आणि ते घरी होतं. त्यासाठी एक सिस्टर घरी येत जाईल.

ती सिस्टर म्हणजे रूपा. मुकुंदवाडीतच वाढलेली, पस्तिशीची, जिभेनं तिखट. स्कूटीवरून यायची, हेल्मेट काखेत, पिशवीत सगळा संसार. पहिल्याच दिवशी तिनं टेबलफॅन श्रेयाच्या तोंडासमोर लावला, वाऱ्याची झुळूक गालावर लागली की दम कमी लागतो म्हणाली. गुडघ्याखाली उशी कशी द्यायची, ओठ सुकले की ओल्या कापसानं कसे पुसायचे, तोंड आलंय तर बर्फाचा खडा कसा चोखायला द्यायचा, हे तिनं तनुजाला करून दाखवलं. जेवणासाठी मागं लागू नका, अंगाला नको असतं ते बळं घालायचं नाही, हेही सांगितलं. मग तिनं एक पुठ्ठा काढला. त्यावर सहा तोंडं छापलेली होती, हसरं ते रडकं. किती दुखतंय ते बोटानं दाखवायचं. श्रेयानं पेन मागून घेतलं, सगळ्यात रडक्या तोंडाला मिशा काढल्या आणि हे आबा, म्हणजे आपले आजोबा, असं जाहीर केलं. रूपा नानासाहेबांकडं बघत म्हणाली, बरोबर ओळखलंस, माउलींचा चेहरा सकाळपासून असाच आहे.

मग तिनं बाटली काढली. मॉर्फिनचं पातळ औषध. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. बिनसुईच्या सिरिंजनं गालात सोडायचं. दुखो न दुखो, वेळ चुकवायची नाही. यानं पोट साफ होत नाही, म्हणून सोबत दुसरं औषध.

नानासाहेबांनी विचारलं, हे कशापासून काढतात?

रूपा खोटं बोलणारी नव्हती. खसखशीच्या बोंडापासून, म्हणाली.

"म्हणजे अफूच की," नानासाहेब म्हणाले. "आमच्या घरात माळ आहे, सिस्टर. अफू या उंबऱ्याच्या आत येणार नाय."

आता इथं थोडं थांबून एक सांगायला हवं, नाहीतर नानासाहेबांवर अन्याय होईल. ते सहा वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. आई खुरपायला जायची आणि तान्ह्या सत्यभामेला झोळीत झोपवायची. पोर रडू नये म्हणून मोहरीएवढी अफू चाटवायची. तेव्हा पुष्कळ बाया तसंच करायच्या. झोळीला झोका द्यायचं काम नानाचं. एके दिवशी पोर अजिबात रडली नाही. नाना खूश होता, त्याला दिवसभर खेळायला मिळालं. संध्याकाळी आईनं झोळीत हात घातला. तेव्हापासून अफू हा शब्द कानावर पडला की त्यांना बाभळीच्या फांदीला टांगलेली, हलत नसलेली झोळी दिसायची.

रूपानं समजावलं की ते अंदाजानं चाटवणं होतं, हे मोजून देणं आहे, वजनाप्रमाणे आहे, लेकरू बेशुद्ध होणार नाही, दुखणं तेवढं मागं सरेल. नानासाहेब ऐकेनात. शेवटी सुदर्शननं पहिल्यांदाच बापापुढं आवाज चढवला. औषध द्यायचं, म्हणाला, पोर माझी आहे. विषय मिटला. सगळ्यांना वाटलं मिटला. त्या सगळ्या बोलण्यात लोखंडी कॉटकडं कुणी पाहिलं नाही, जिथं श्रेया पडल्या पडल्या एकेक शब्द ऐकत होती. तो सोमवार होता.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, आठ दिवसांच्या खंडानंतर नळ आला. नळ आला म्हणजे गल्लीत एकच धावपळ. तनुजानं दोन वाजताचं औषध पोरीच्या गालात सोडलं, गिळलंस ना विचारलं, श्रेयानं मान हलवली, आणि तनुजा ड्रम भरायला पळाली. नानासाहेब दाराजवळ बसले होते. त्यांनी पाहिलं की श्रेया भिंतीकडं वळली, उशीखालून रुमाल काढला आणि गालातलं औषध हळूच त्यात सोडलं. तोंड पुसलं. रुमाल परत उशीखाली. मग ती वळली, आणि दोघांची नजर भेटली.

पोर घाबरली नाही. ती वाट बघत राहिली.

आणि नानासाहेबांनी मान हलवली. तीच. गाणारा समेवर आला की हलायची, ती.

श्रेयाच्या तोंडावर जे हसू आलं, ते त्यांनी मांडवात पाहिलं होतं, माईकपाशी.

नंतर तनुजा स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी तो रुमाल काढला, न्हाणीत नेऊन स्वतः धुतला, पिळला आणि दोरीवर वाळत घातला. चिकट होता, आणि सोमवारपासूनच्या वेळांचे डाग त्यावर वाळलेले होते. पुढच्या वेळेला दुसरा दिला.

असं का केलं? नंतर त्यांना हे पुष्कळांनी विचारलं. अफूची भीती तर होतीच. पण त्याहून मोठं काहीतरी त्यांच्या मनानं घेतलं होतं. चाळीस वर्षं महाराजांच्या मागं उभं राहून त्यांनी एकच ऐकलं होतं. लेकरू असो, बाई असो, देवाच्या नावानं सोसत राहिलं की देवाला राहवत नाही. आणि इथं त्यांच्या डोळ्यांदेखत नऊ वर्षांची पोर कुणी न सांगता नेम पाळत होती. देव यायला आणखी काय हवं? तीन दिवस नानासाहेब दाराशी बसून राहिले. तनुजाला वाटलं, मामा उन्हाला बसतात. ते वाट बघत होते.

त्या तीन दिवसांत पोर रडली नाही. दात आवळून पडायची. आणि उजव्या हाताची बोटं कॉटच्या लोखंडी पट्टीवर चालू असायची, टक टक, टक टक. तनुजाला बरं वाटायचं. आजोबांची नात आहे, ठेका धरते, म्हणजे दुखणं कमी असेल. रूपाच्या पुठ्ठ्यावर श्रेया रोज हसऱ्या तोंडावर बोट ठेवायची. पण रात्री झोपेत कण्हायची, पाय थोडा हलवला तरी पांढरी पडायची. तनुजानं फोन करून रूपाला ते सांगितलं. रूपानं डॉक्टरांना विचारून औषध वाढवलं. गुरुवारी परत वाढवलं.

नानासाहेबांना मात्र पुठ्ठ्याची गरज नव्हती. कळ येऊ लागली की ठेक्याची लय चढायची, अगोदर थोडी, मग दुप्पट, मग बोटं एकमेकांत अडकायची, बोल मोडायचे, आणि कळ ओसरली की पुन्हा सावकाश. मृदंगावर आयुष्य गेलेल्या माणसाला ते न कळून कसं चालेल? मंगळवारपेक्षा बुधवारी लय जास्त होती. गुरुवारी दुपारी दोन वाजता तर बोटं इतकी जोरात चालली की नखाखालून रक्त आलं. त्या घरात पोरीला किती दुखतंय हे तोळामाशानं माहीत असलेला एकच माणूस होता, आणि तो दाराकडं बघत बसला होता.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला दारात पाय वाजले. नानासाहेबांनी मान वर केली. आली कोण, तर रूपा सिस्टर, हेल्मेट काखेत घेऊन.

तिनं श्रेयाला तपासलं, नखाला पट्टी लावली, आणि तनुजा-सुदर्शनला शेजारी बसवलं. चार दिवस औषध चाललंय, दोनदा वाढवलंय, तरी उतार नाही, आणि पोरीला गिळायलाही जड जातंय. म्हणून डॉक्टरांनी आता कातडीवर चिकटवायची पट्टी दिली आहे. आतापर्यंत पोटात किती औषध गेलंय त्यावरून तिची ताकद ठरवली आहे. तनुजानं विचारलं, काही धोका तर नाही ना?

"हिला नाही, अंगाला सवय झालीय हिच्या," रूपा पाकीट फाडता फाडता म्हणाली. "ज्यानं थेंबही घेतलेला नाही, त्याला ही लावत नाहीत. झोप लागते, आणि श्वास मंद होत जातो."

नानासाहेबांना झोळी दिसली. बाभळीची फांदी, संध्याकाळचं ऊन, आणि शांत झोपलंय म्हणून खूश असलेलं एक सहा वर्षांचं पोर.

"लावू नका," ते म्हणाले.

सुदर्शन बापावर वैतागला. दादा, पुन्हा तेच नको, म्हणाला.

"लावू नका. तिनं घेतलेलं नाय. एकदाबी नाय. ती रुमालात थुंकते, आणि रुमाल मी धुतो."

रूपानं पाकीट हळूच मिटलं आणि पिशवीत, अगदी तळाशी ठेवलं. तनुजा उठली, मागच्या दोरीवरचे दोन रुमाल काढले आणि ते मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली. सुदर्शन बोलला.

"तीन दिवस तुमच्या तोंडून देवाचं नाव चालू होतं, दादा. एवढं एक वाक्य तेवढं निघालं नाय?"

चप्पल न घालताच तो बाहेर गेला, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आला आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

रूपानं डॉक्टरांना फोन लावला, सगळं सांगितलं. ठरलं की पहिल्यापासून, लहान मात्रेनं सुरुवात करायची. तिनं सिरिंज भरली आणि श्रेयाकडं गेली. श्रेयानं ओठ घट्ट मिटून घेतले. आईनं विनवलं. बापानं विनवलं. पोर ऐकेना. तिचे डोळे दाराकडं, आजोबांकडं होते.

रूपा मागं वळून म्हणाली, "या आता, माउली. कुलूप तुम्ही घातलंय. आमच्यानं नाही उघडणार."

नानासाहेब उठले. दारापासून कॉटपर्यंत चार पावलं, पण सुदर्शन नंतर सांगायचा की दादा ती चार पावलं चालताना म्हातारे झाले. ते कॉटशेजारी खाली बसले, तोंड पोरीच्या तोंडाच्या पातळीला आणलं, आणि औषध घे म्हणाले.

"तुम्ही मान हलवली होती," श्रेया म्हणाली.

"हलवली होती."

"मग आता कामून घे म्हणता?"

"मी देवाची वाट बघत होतो, बाई. आता बघवत नाय मला."

तेवढ्यात कळ आली. बोटं पट्टीकडं गेली, टकटक सुरू झाली, चढली, मोडली. नानासाहेबांनी हात पुढं करून तिची बोटं आपल्या तळव्यात घेतली. मग तो ठेका त्यांच्या हातावर वाजत राहिला, लोखंडावर नव्हे. ओसरल्यावर तिनं विचारलं, "माळ काढावी लागंल?"

"नाय. माळ राहू दे. महाराजांनी तुला विचारलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. दारूचं विचारलं, मांसाचं विचारलं. दुखणं सोसशील का, असं नाय विचारलं. ते मी वाढवलं."

"पाप लागलं तर?"

"मला लागंल. मी सांगतोय ना घे म्हणून."

श्रेयानं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. मोठी माणसं खोटं बोलतात तेव्हा लेकरं बघतात तसं. आणि मग तिला रडू फुटलं, खालचा ओठ बाहेर आला, आणि ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा म्हणाली, "लई दुखतंय, आबा. लई दुखतंय."

तिनं तोंड उघडलं. रूपानं औषध गालात सोडलं. ते गिळल्याचं सगळ्यांनी गळ्यावर पाहिलं.

अर्धा तास कुणी जागचं हललं नाही. नानासाहेबांच्या तळव्यावर बोटं चालू होती. दुप्पट लय होती ती उतरली. मग आणखी उतरली. दोन ठोक्यांमध्ये श्वास घेण्याएवढी जागा झाली, मग वाक्य बोलण्याएवढी. ते पुटपुटले, "उतरतेय, सिस्टर." रूपानं विचारलं, कशावरून? त्यांनी हात दाखवला. रूपा त्या हाताकडं बघत राहिली. तिला तेव्हा कळलं की हा माणूस तीन दिवस काय मोजत होता. तिनं काहीच म्हटलं नाही, आणि नानासाहेब आजही म्हणतात, त्या दिवशी तिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ठेका थांबला तेव्हा श्रेया झोपली होती, तोंड किंचित उघडं, कपाळावरची आठी गेलेली.

त्यानंतर नऊ दिवस मिळाले. दोन दिवसांत औषधाची मात्रा बसली. श्रेया उठून बसायची, टेकून. तिनं मलई कुल्फी मागितली आणि दोन चमचे खाल्ली. रूपाचं हेल्मेट घालून तिनं फोटो काढून घेतला. बापाकडून गाणं म्हणून घेतलं आणि, पप्पा, तुमचा सूर स्टेशनावर उतरत नाही, सरळ जालन्याला जातो, असा शेरा मारला. सुदर्शन हसता हसता मोरीत जाऊन रडला. बापाशी मात्र तो कामापुरतं बोलायचा. रूपा रोज नानासाहेबांना विचारायची, आज लय कशी आहे? ते सांगायचे, आणि ती वहीत लिहून घ्यायची. दोनदा त्यांच्या सांगण्यावरून औषध वाढवावं लागलं, आणि दोन्ही वेळा ते बरोबर निघालं.

आठव्या दिवसापासून पोर झोपेतच राहू लागली. रूपानं आधीच सांगून ठेवलं की आता घशात घरघर वाजेल, ती ऐकवणार नाही, पण त्रास तिला होत नाही, तिला ते कळतही नाही. कुशीवर वळवायचं, घसा सुकवणारं औषध द्यायचं, ओठ ओले करत राहायचे. तसंच झालं. रविवारी दुपारी, पंखा चालू असताना, आईचा हात केसांवर असताना, दोन श्वासांतलं अंतर वाढत गेलं आणि पुढचा आला नाही. बोटं चादरीवर सैल पडली होती.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

तेराव्यानंतर सुदर्शननं कॉट रूपाच्या संस्थेला देऊन टाकली, दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून. खोलीत ती जागा मोकळी झाली, फरशीवर चार पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. आणि तेव्हापासून दुपारचे दोन वाजले की नानासाहेबांना ऐकू येऊ लागलं. लोखंडावर बोटं. टक टक, टक टक. ते उठून शेजाऱ्यांकडं काही ठोकत आहेत का बघून यायचे. स्टेशनाकडं जाऊन बसायचे, तिथं गाडीच्या आवाजाखालूनही ते यायचं. गावी गेले, तिथंही आलं. कीर्तनाला उभे राहिले, तर मृदंगावर हात पडायचा तो त्या ठेक्याच्या मागं धावायचा, आणि गाणारे गोंधळून मागं बघायचे. त्यांनी मृदंग खुंटीला टांगला.

एक दिवस त्यांनी भीत भीत सुनेला विचारलं, तुला काही ऐकू येतं का गं दोन वाजता?

तनुजा मशीनवर बसली होती. तिनं पाय थांबवला. "येतं, मामा," म्हणाली. "पण मला सावकाश येतं. झोप लागताना वाजवायची ना, तसं."

नानासाहेबांनी मान खाली घातली. त्यांना कधीच सावकाश येत नव्हतं. त्यांना गुरुवारचं यायचं.

पुढं चार महिन्यांनी रूपाचा फोन आला. कन्नडजवळच्या एका वस्तीवर सांडू नावाचा शेतकरी आहे, माळकरी, त्याच्या बारा वर्षांच्या पोराला, सत्यमला, असंच दुखणं आहे. बाटली देऊन पाच दिवस झाले, भिंतीतल्या देवळीत तशीच बंद पडून आहे. माझं ऐकत नाही, म्हणाली. तुम्ही येता का? नानासाहेबांनी धोतर बदललं आणि एसटीला जाऊन बसले.

सांडूच्या ओसरीवर, रूपा शेजारी बसलेली असताना, त्यांनी सगळं सांगितलं. झोळी सांगितली, रुमाल सांगितला, मान हलवली ते सांगितलं. काही झाकलं नाही. सांडू जमिनीकडं बघत ऐकत होता. शेवटी त्यानं सरळच विचारलं, "पोर वाचली तर नाय ना, बाबा? मग दिलं काय अन् नाय दिलं काय?"

"वाचायची नव्हतीच," नानासाहेब म्हणाले. "तिला बारा दिवस उरले होते, सांडू. त्यातले नऊ तिनं घेतले. तीन मी खाल्ले."

आत सत्यम कण्हला. सांडू उठला, देवळीतली बाटली आणली आणि सिरिंज कुठल्या रेघेपर्यंत भरायची ते रूपाला विचारलं. सगळीकडं असं होत नाही. नानासाहेब आजवर अशा सात-आठ घरी गेले. एका घरातून त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं, एका घरी पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. तरी जातात. पण सांडूच्या घरचं एक बोलणं सांगायचं राहिलं.

निघताना सांडूची बायको द्वारकाबाई चहा घेऊन आली. तिलाही गोष्ट ऐकून भरून आलं होतं. म्हाताऱ्याला धीर द्यावा म्हणून ती म्हणाली, शेवटी पोर सुखानं गेली ना बाबा, तेवढंच ध्यानात ठेवावं. असं त्यांना सगळेच म्हणतात. नानासाहेबांनी कप खाली ठेवला आणि हात जोडले.

"ते ध्यानात ठेवणारी माणसं लई आहेत, बाई. तुम्ही माझ्यासाठी ते तीन दिवस ठेवा. मंगळवार दुपारपासून शुक्रवारपर्यंत. तेव्हा ती एकटी होती, अन् मी तिच्याजवळ बसलेलो होतो."

तेच मागणं तुमच्यापाशीही आहे. घरी जाल, पाटावर बसाल, देवापुढं हात जोडाल, तेव्हा क्षणभर त्या पोरीला आठवा. हेल्मेट घालून हसणारी तर आठवेलच. पण भिंतीकडं तोंड करून, दात आवळून, शब्द पाळत पडलेली नऊ वर्षांची श्रेया, तिला आठवा.